मेजरचं पोरगं आणि गेलेली लाईट

नमस्कार बाई,

मी कळंब तालुक्यातल्या एका गावात राहते. माझे मालक फौजेत हवालदार आहेत. मागची तीन वर्षं आम्ही सगळे अंबाल्याला क्वार्टरमध्ये होतो. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हाही तिथंच होतो. रात्री दिवे बंद, खिडक्यांना चादरी, आणि आम्ही तिघं एका खोलीत. नंतर मालकांची पोस्टिंग फिल्डला झाली. तिथं फॅमिली नेता येत नाही, म्हणून जूनमध्ये लेकरं घेऊन गावी सासूबाईंकडं आले.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला. मुलगी पाच वर्षांची. अंबाल्याला तो केंद्रीय विद्यालयात होता, दिवसभर बडबड करायचा. इथं आल्यापासून गप्प झालाय. बोलता बोलता तोंडात हिंदी येतं म्हणून पोरं त्याला 'हिंदीवाला' म्हणतात. लाईट गेली की माझा पदर सोडत नाही. दोन महिन्यांपासून रात्री अंथरूण ओलं करतो. चार वर्षांचा झाल्यापासून कधीच करत नव्हता. सासूबाई म्हणतात, लाड झालेत. बापाचा फोन आला की आधी उड्या मारायचा, आता हां-हूं करून फोन बहिणीच्या हातात देतो. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही शेतात गेलो. संध्याकाळी सगळ्यांचे बाप-चुलते कडब्याची पेंडी पेटवून, लेकरं मागं घेऊन शेताला फेरी मारत होते. हा कडब्याच्या कोपीमागं जाऊन बसला तो निघेपर्यंत उठला नाही.

गाव वाईट नाही. 15 ऑगस्टला नारळ आणि साडी देऊन माझा सत्कार केला. पण भाद्रपदात मुलगी तापानं फणफणली तेव्हा रात्री अकरा वाजता गाडी कोणाला मागू, या विचारातच मी पहाट केली.

दीर म्हणतात, पोराला सैनिकी शाळेच्या हॉस्टेलला टाका, मर्द होईल. माझा भाऊ म्हणतो, संभाजीनगरला छावणीजवळ खोली करून राहा. आणि आता गुरुजींनी सांगितलंय, 26 जानेवारीला मिलिटरीचा ड्रेस घालून 'माझे बाबा' या विषयावर भाषण कर. तो नको म्हणतो. मी काय करू?

— एक आई

ताई,

आधी एक सांगते. पत्रात तुम्ही मालकांच्या युनिटचं नाव आणि ठिकाण लिहिलं होतं. ते मी खोडलं. गावातही तेवढं पाळा. पारावर बसलेला माणूस सहज विचारतो, 'कुठं हाय आता पोस्टिंग?' त्याच्या मनात काही नसतं, पण उत्तर व्हॉट्सअॅपवरून कुठल्या कुठं जातं. मुलालाही शिकवून ठेवा, 'बाबा ड्युटीवर आहेत,' बस्स.

आता लाईटबद्दल. तुमच्या पत्रातल्या या एका ओळीपाशी मी थांबले. बाकी सगळ्याबद्दल तुम्हाला प्रश्न पडलाय, हे मात्र तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्यासाठी गावातली लाईट जाणं म्हणजे डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला, नाहीतर भारनियमन. आपण उठतो, बॅटरी शोधतो, महावितरणला दोन शिव्या घालतो आणि अंगणात बाज टाकतो. त्याच्यासाठी दिवे बंद होणं म्हणजे मे महिन्यातल्या त्या रात्री. तेव्हा दिवे गेले, आणि नंतर बाबाही गेले. नऊ वर्षांच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ बसली असेल तर नवल नाही. आणि आपल्याकडं लाईट आठवड्यातून किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा त्याला हे उघड सांगा, दिवसाउजेडी सांगा. गल्लीच्या टोकाचा डीपी दाखवा. वायरमन गावात येईल तेव्हा त्याच्यासमोर उभा करा, तो खांबावर का चढतो ते त्यालाच विचारू द्या. अंबाल्यात दिवे माणसांनी मुद्दाम बंद केले होते, इथं ते आपोआप जातात आणि कुणीतरी येऊन जोडतं, हा फरक त्याला कळू द्या. त्याच्या उशाशी त्याची स्वतःची बॅटरी ठेवा. लाईट गेली की घरात पहिला उजेड त्यानं करायचा, आजीला मोरीपर्यंत त्यानं न्यायचं. 'घाबरू नको' असं शंभर वेळा म्हणण्यापेक्षा ही बॅटरी जास्त कामाची आहे.

अंथरूण ओलं होण्याला लाड म्हणत नाहीत. जे लेकरू पाच वर्षं कोरडं झोपलं आणि आता पुन्हा ओलं करायला लागलं, त्याला बहुतेक वेळा मनावरचा ताण असतो. पण तसंच धरून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, क्वचित साखर, यांनीही असं होतं. म्हणून आधी दवाखाना. कळंबच्या डॉक्टरांकडून लघवी आणि साखर तपासून घ्या. ते ठीक निघालं तर अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे, धाराशिवला सरकारी दवाखान्यातही मानसिक आरोग्याची सोय आहे. तिथं जाणं म्हणजे पोरगं वेडं झालं असं नाही, हे सासूबाईंना सांगायचं काम तुमच्यावर येईल, ते अवघड आहे, मला माहीत आहे. दवाखान्यात जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतून. 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे आणि फौजी घरांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, 2023 च्या डिसेंबरपासून आहे. रात्री पदर धरून बसलेल्या लेकराची आईसुद्धा तिथं फोन करू शकते. लेकरासाठीच करायला पाहिजे असं नाही.

तोवर घरी एवढंच करा: गोधडीखाली रेक्झिन, झोपताना लघवी, आणि सकाळी चादर बदलताना एक अक्षर बोलायचं नाही. शेजारणीसमोर तर नाहीच.

आता 'मर्द होईल' याबद्दल. ताई, मी 32 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आणि या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती आधी सांगते. 1999 साल, कारगिल नुकतं संपलेलं. 15 ऑगस्टला शाळेशाळेत तेच भाषण. माझ्या तिसरीच्या वर्गात एका जवानाची मुलगी होती, बाप तिकडंच होता. मी तिला भाषण लिहून दिलं, आठ दिवस पाठ करून घेतलं. 'माझे बाबा सीमेवर आहेत. मला त्यांचा अभिमान आहे.' झेंडावंदन झालं, सरपंच, पोलीस पाटील, सगळे खुर्च्यांवर. ती ओट्यावर उभी राहिली. 'माझे बाबा सीमेवर' एवढं म्हणाली आणि थांबली. फ्रॉकचा काठ मुठीत घेऊन चुरगाळत होती. माझ्याकडं बघत होती. मी ओठ हलवून पुढचा शब्द सांगत होते, 'आहेत, आहेत.' तिच्या पायाखालची जागा ओली झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. मी तिच्या आईला संध्याकाळी सांगितलं, लाजाळू आहे हो तुमची. बाप दिवाळीला सुखरूप घरी आला. पण ती पोर चौथीच्या वर्षात एकदाही हात वर करून बोलली नाही. आज मला ते दिसतं, तेव्हा मला भाषण दिसत होतं.

तुमच्या मुलाला गावानं जागा दिली आहे, पण ती ओट्यावरची. 'तू फौजीचा पोरगा, रडायचं नाही.' 'आता घरात मोठा माणूस तूच.' ही वाक्यं कुणी वाईट मनानं बोलत नाही. पण ती ऐकणाऱ्या लेकरानं बाबाची आठवण काढायची कुठं? म्हणून तो कोपीमागं जातो. हे सासूबाईंना दरडावून सांगू नका. त्यांचाही लेकच लांब आहे, आणि त्यांनी रडायचं नाही हे कुणीतरी त्यांनाही सांगून ठेवलंय. एखाद्या संध्याकाळी निवडण-टिपण करताना त्यांना नातवासमोर विचारा, 'आई, हे लहानपणी कशाला घाबरायचे?' आजी सांगेल. बाप हवालदार व्हायच्या आधी विहिरीत उतरायला घाबरायचा, रात्री हागणदारीकडं जायचं तर आईला सोबत न्यायचा, हे पोराला आजीच्या तोंडून कळू द्या.

मला सारखी तुलना सुचते ती आपल्या ऊसतोडीच्या लेकरांची. तुमच्या-माझ्या भागात दिवाळीच्या आसपास कोयते कारखान्याला जातात आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. जी लेकरं मागं आजीपाशी राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, जेवणाची सोय शाळेकडून होते. ती व्यवस्था नेहमी नीट चालते असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट गावाला पक्की माहीत असते: या लेकराचे मायबाप सहा महिने नाहीत, याच्यावर नजर ठेवायची. दुकानदार उधार बिस्किटाचा पुडा देतो, शेजारीण दोन भाकरी जास्त थापते, मास्तर शाळा सुटल्यावर विचारतो, 'जेवलास का रे?' या लेकरांना अभिमान बाळग असं कुणी सांगत नाही. ती आजारी पडली तर गावातलं कुणीतरी घेऊन जातं.

फौजीच्या घराबद्दल गावाची समजूत वेगळी. पगार एक तारखेला बँकेत येतो, कॅन्टीनचं सामान येतं, पुढं पेन्शन पक्की, यांना काय कमी? तुम्हालाही कुणीतरी विचारलंच असेल, 'वैनी, कॅन्टीनमधून एक बाटली नाही का जमणार?' हसू नका, दर फौजी घराला हा प्रश्न येतो. थोडी असूयाही असते. म्हणून तुम्हाला कशाची गरज असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि तुम्ही मागत नाही, कारण सत्काराची साडी घेतलेल्या बाईनं रात्री अकराला गाडी मागायची म्हणजे कमीपणा. दोन्हीकडून अवघडलेपण आहे. ते तुम्हालाच मोडावं लागेल, कारण गावाला ते आहे हेच ठाऊक नाही.

साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथं घरटी सैनिक. तिथलं पोरगं 'बाबा नाहीत' म्हणालं तर शेजारचं म्हणतं, 'माझेपण नाहीत.' आपल्या मराठवाड्यात तसं नाही. एका गावात एक-दोन घरं, पुढं तीन गावं सोडून आणखी एक. तुमचं पोरगं वर्गात एकटंच फौजीचं आहे. त्याच्यासारखं दुसरं लेकरू त्याला भेटवायचं तर तुम्हाला शोधावं लागेल, आणि हे शोधून देणारा माणूस म्हणजे गावातले नाहीतर शेजारच्या गावातले 'मेजर'. आपल्याकडं नाईक म्हणून निवृत्त झालेल्यालाही मेजरच म्हणतात, ते असो. त्या माणसाकडं तालुक्यातल्या सगळ्या फौजी घरांचे नंबर असतात. त्यांना म्हणावं, माझ्या मुलाच्या वयाची लेकरं असलेली तीन-चार घरं सांगा. महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी कळंबला त्या बायका भेटा. रसवंती चालू असेल तिथं बसा. लेकरं आपापसात हिंदीत बोलतील, अंबाल्याच्या, झाशीच्या, जम्मूच्या शाळांच्या गप्पा मारतील. तासभर तरी तुमचा मुलगा तिथं 'हिंदीवाला' नसेल.

आणखी एक काम त्या मेजरांकडंच द्या. मुलाचे केस कोण कापून आणतं? तुम्ही नेत असाल, नाहीतर आजी. गावच्या सलूनमध्ये आईबरोबर आलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे पोरांना चिडवायला आयतं खाद्य. मेजरांना सांगा, तुम्ही जाताना याला घेऊन जात जा. चार शब्द बोलतील, चहा पाजतील. पुढच्या येळवसला पेंडी घेऊन पळायलाही त्यांनाच सांगा, आणि आठ दिवस आधी सांगा. ऐन वेळी 'ये रे तूपण' म्हणून कुणी हाक मारली तर असं पोरगं येत नाही. त्याला माहीत पाहिजे की आपल्यासाठी कुणीतरी ठरवून थांबलंय. येळवसला अजून वर्ष आहे. हुरडा मात्र आता आलाच आहे. आगटी कुणाच्या शेतात पेटणार ते विचारून ठेवा आणि त्याला एकट्याला त्यांच्याबरोबर पाठवा, तुम्ही जाऊ नका.

गाडीचं म्हणाल तर ते आजच ठरवा. गल्लीत ज्याच्याकडं चारचाकी आहे त्याच्या बायकोला सरळ सांगा, 'रात्री-बेरात्री लागली तर मी तुमचं दार वाजवीन, डिझेलचे पैसे माझे.' पैशाचं आधीच बोलून टाकलं की मागायला संकोच वाटत नाही. ते नाही जमलं तर 108 आहे, लेकराला ताप आला म्हणून बोलावलं तरी चालतं, मरणाला टेकायला लागत नाही. आणि सरपंच कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नारळाबरोबर या बाईला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर तीन मोबाईल नंबर: रात्री गाडी काढणाऱ्याचा, पीठ-किराणा घरपोच देणाऱ्याचा, आणि शेताच्या बांधावरून भांडण लागलं तर मध्ये पडणाऱ्याचा.

आता फोन. तुमचा मुलगा बापाशी बोलत नाही याचं दुःख तुम्हाला मोठं आहे, पत्रात अक्षर तिथंच वाकडं झालंय. पण एकदा शांतपणे आठवा, मालक फोनवर काय बोलतात? 'अभ्यास करतो का? आईला त्रास देतो का? परीक्षा कधी?' तिकडून रेंज मिळते दहा मिनिटं, त्यात बाप बिचारा बापपण करून घेतो. पोराला मात्र ती रोजची तोंडी परीक्षा होते. अंथरूण ओलं करणारं लेकरू 'शहाण्यासारखा वागतोस ना?' याला काय उत्तर देणार? मालकांना सांगा, विचारू नका, सांगा. आज लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणात, काय होतं, कुत्रं पलटणीत कसं शिरलं, थंडीत बादलीतलं पाणी कसं गोठलं, बुटात बर्फ गेल्यावर काय केलं. ठिकाण सांगायची गरज नाही. पोरगं ऐकेल, आणि चौथ्या-पाचव्या फोनला स्वतःहून काहीतरी सांगेल.

त्याच्या जोडीला पत्र. हसाल, पण 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या, पत्त्यावर पोस्टाचं पाकीट आजही जातं आणि युनिटमध्ये हातात मिळतं. मुलाला काय लिहू असं वाटलं तर चित्र पाठवू द्या, शेळीच्या पिल्लाचं, डीपीचं. फोन ठेवला की संपतो, कागद बापाच्या खिशात राहतो. आणि बापाचं उलट पत्र आलं तर ते पोराच्या नावानं यावं. पोस्टमन गल्लीत त्याचं नाव घेऊन हाक मारील त्या दिवशी बघा.

'बाबा कधी येणार?' याला तारीख सांगू नका. 2025 च्या मे महिन्यात सुट्टीवर घरी आलेल्यांनाही परत बोलावलं होतं, ते तुम्ही बघितलंय. 'सुट्टी मंजूर झाली की सांगते, मला कळलं की पाच मिनिटांत तुला कळेल,' एवढंच खरं आहे, तेवढंच सांगा. आणि सुट्टीचं मालकांशी बोला. जवानाला वर्षाला साधारण 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. आपल्या फौजींची ती जाते कशात? भाच्याचं लग्न, घराचा स्लॅब, तहसीलचं काम. या वेळी त्यातले आठ दिवस शाळा चालू असतानाचे घ्या म्हणावं. गणवेश नको, कौतुक नको, लुंगी-बनियनवर दात घासत मुलाला 'दप्तर भरलं का?' विचारणारा बाप. दुपारी शाळेच्या फाटकाशी उभा राहिलेला बाप. पोरांना एकदा दिसू दे की याचा बाप खरोखर आहे.

दिरांचं हॉस्टेल आणि भावाची खोली, या दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे, निदान या वर्षी. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये प्रवेश सहावीला आणि नववीला असतो, परीक्षा देऊन. जिल्ह्याजिल्ह्यातल्या सैनिकी शाळांतही चौथीच्या लेकराचं काम नाही. पुढं त्याला स्वतःला हौस वाटली तर रस्ते भरपूर आहेत. दहावीनंतर एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था 1977 पासून आपल्या संभाजीनगरातच आहे. पण आत्ता बाप लांब गेलेला असताना त्याला आईपासूनही लांब करायचं, तेही अंथरूण ओलं होत असताना, वीस पोरांच्या हॉलमध्ये? दिरांना विचारा, सकाळी ती चादर तिथं कोण बदलणार आहे.

छावणीजवळच्या खोलीचा विचार तितका वेडा नाही. तिथं केंद्रीय विद्यालय आहे, बदलीवाल्या केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या मुलांना त्यात प्राधान्य मिळतं, फौजी त्यात येतात. लष्करी दवाखाना आहे. फिल्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर वेगळे क्वार्टर असतात, सेपरेटेड फॅमिली म्हणतात त्यांना. मालकांना युनिटमधून अर्ज करायला सांगून ठेवा, नंबर लागायला वेळ जातो. पण भाड्याच्या खोलीत तुम्ही एकट्या, लेकरांना ना आजी ना अंगण, आणि मुलाची दोन वर्षांत तिसरी शाळा. फिल्डची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते, तेव्हा पुढं चौथी शाळाही आहेच. क्वार्टर मिळाला तर मे महिन्यात पुन्हा विचार करा. नुसती खोली असेल तर नको. जायचंच झालं तर दाखल्यासाठी अडून बसू नका. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या. तिथल्या बऱ्याचशा योजना माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी आहेत, पंतप्रधान शिष्यवृत्तीसुद्धा मालक निवृत्त झाल्यावरची गोष्ट. तरी जा. तिथले कल्याण संघटक तालुक्यात फिरत असतात, त्यांना तुमचं घर माहीत झालेलं बरं. सैनिकांच्या मुला-मुलींची वसतिगृहंही याच खात्याकडं असतात. कॉलेजच्या वयात लागतील, नऊ वर्षांच्याला नाही.

शाळेत मात्र आठ दिवसांच्या आत जा. गुरुजींना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. पुढच्या वर्षी पाचवीत सगळ्यांना हिंदी येणार आहे, आणि वर्गात एकच पोरगं असं आहे की ज्याला ते बोलता येतं. त्याला दोन-तीन पोरांच्या जोडीला बसवून हिंदी गोष्टीचं पुस्तक वाचायला दिलं तर 'हिंदीवाला' या शब्दाचा अर्थ महिन्याभरात बदलतो. मी हे तेलुगू बोलणाऱ्या वडारांच्या पोराबाबत करून बघितलंय, देगलूरकडं असताना. आणि त्याला एखादं रोजचं काम द्या म्हणावं, घंटा वाजवायची नाहीतर पाण्याच्या टाकीचा नळ बघायचा. असं काम असलं की पोरगं शाळेत वेळेवर येतं आणि इतर पोरं त्याच्याभोवती आपोआप गोळा होतात. चिडवणं थांबलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बाईला गाठा. समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि चिडवणाऱ्यांपैकी एखाद्याची आई त्यातच निघेल.

राहिलं 26 जानेवारीचं. ड्रेस आणायला लातूरला जाऊ नका अजून. आधी त्याला विचारा, आणि विचारताना गुरुजी, दीर, आजी कुणी जवळ नको. हो म्हणाला तर उत्तम, पण भाषण त्याचं त्यानं करायचं. बाबांना वांग्याची भाजी आवडत नाही एवढंच सांगायचं असेल तर तेवढंच. नाही म्हणाला तर मी हा कागद गुरुजींना दाखवा म्हणते, माझी ती तिसरीतली मुलगी त्यांनाही कळू द्या. आणि 25 तारखेला रात्री शाळेचा गणवेश धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावा. सकाळी त्याला वर्गातल्या पोरांबरोबर रांगेत उभा राहू द्या, उंचीप्रमाणे जिथं नंबर येईल तिथं.